अर्ध्या वाटेवरची कुंचल्यांची पेटी

चैत्रातल्या एका संध्याकाळी, एका शाळेच्या सभागृहात, मी कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा सहावा अंक पाहिला. फक्त सहावा. संस्कृत शिकणाऱ्या हौशी मंडळींनी तो बसवला होता आणि मधूनमधून मराठीत निवेदन होतं. मागे एकच काळा पडदा. झाड नाही, वेल नाही, कागदाचं फूलसुद्धा नाही. उजव्या अंगाला एक बाक ठेवलेला, तीच माधवीमंडपातली शिळा. थोड्या वेळानं उद्यान राखणाऱ्या दोन दासी आल्या. एकीनं दुसरीच्या खांद्याचा आधार घेतला, टाचा उचलल्या, डावा हात उंच नेऊन काहीतरी खाली वाकवलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी हलकेच खुडलं. मग डावा हात सोडला. हात सोडल्यावर तिची नजर झर्रकन वर गेली, कारण फांदी वर गेली होती. त्या नजरेनं सभागृहात आंब्याचं झाड उभं राहिलं.

नाटक पाहून आलं की वहीत चित्र काढायची मला फार जुनी सवय आहे. ती आत्यानं लावली. आत्या सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवलं ते हे गाव, आणि तिथल्या पुष्कळ घरांत नाटक हे सणावारासारखं असायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की एखादं तरी नाटक ठरलेलं. परत आल्यावर ती तिकिटाचा फाटका तुकडा माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायची, “हा वहीत चिकटव आणि खाली काय आठवतंय ते काढ. अगं, लिहू नकोस, काढ. लिहिताना आपण शहाणपणा करतो.” आज माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. त्यांत कुठे नुसता कंदील आहे, कुठे एका नटाची पाठ, कुठे शेल्याचं टोक. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्या मुलीची वर गेलेली मान काढली, दोन बोटं काढली आणि फांदीची जागा कोरी ठेवली.

पण त्या अंकाचा विचार तेवढ्यावर थांबेना. नाटक, चित्र आणि वसंतातली बाग या तिन्ही गोष्टी मला जन्मभर आवडत आल्या आहेत, आणि या तिन्ही कालिदासानं एकाच अंकात, एकाच जागी आणून ठेवल्या आहेत. हा अंक मी कॉलेजात वाचला होता. तेव्हा तो विरहाचा अंक म्हणून वाचला, परीक्षेत तसाच लिहिला. आता वाटतं, माणूस चित्र कशासाठी काढतो हे या अंकात जितकं नेमकं आलंय तितकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. शचीतीर्थाला वंदन करताना शकुंतलेच्या बोटातली अंगठी पाण्यात पडली. दुर्वासाच्या शापानं राजाला तिचा विसर पडला होताच, आणि पाचव्या अंकात त्यानं तिला भर सभेत नाकारलं. सहाव्याच्या सुरुवातीला एका कोळ्याला रोहित माशाच्या पोटात ती अंगठी सापडते. अंगठी पाहताच दुष्यंताला सगळं आठवतं, आणि आठवून आता काहीच उपयोग नसतो. तो वसंतोत्सव बंद करतो.

त्या दासींना मात्र हे ठाऊक नाही. त्या प्रमदवनात कामाला लागून थोडेच दिवस झालेत. एकीचं नाव परभृतिका, म्हणजे कोकिळा. दुसरी मधुकरिका, म्हणजे भ्रमरी. नावांतूनच वसंत चालत आलाय. मोहर खुडून त्या मदनाला वाहतात, तेवढ्यात म्हातारा कंचुकी येऊन रागावतो आणि सांगतो की राजाची आज्ञा माणसांनीच काय, झाडापाखरांनीही पाळली आहे. आंब्याला मोहर येऊन किती दिवस झाले, पण त्यात पराग धरत नाही. कोरांटीची कळी तयार आहे, उमलत नाही. थंडी सरली तरी कोकिळाचा सूर गळ्यातच अडकलाय. मदनानंसुद्धा भात्यातून अर्धा काढलेला बाण मागे घेतलाय.

या वर्णनाला अतिशयोक्ती म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ज्याची झाडांत रोज उठबस आहे त्याला यातली नजर कळेल. मोहर बिघडतो तो कसा, हे आपण पाहिलेलं असतं. ढगाळ हवा पडली की तुडतुडे येतात, भुरी धरते, मोहर काळा पडून गळतो. कालिदासाचा मोहर असा जळालेला नाही. तो झाडावर आहे, ताजा आहे, फक्त पुढे जात नाही. कळी आहे आणि फूल नाही, गळा आहे आणि सूर नाही, बाण आहे आणि नेम नाही. उमलण्याच्या आदल्या क्षणी थांबवून धरलेली ही बाग आहे. अशा बागेत राजा येतो. दागिने उतरवलेले, डाव्या हातात एकच सोन्याचं कडं, उष्ण उसाशांनी ओठ फुटलेले, जागरणानं डोळे लाल. तोही तसाच, पुढे न जाणारा. राज्याचे निवाडे त्या दिवशी अमात्य पिशुनाकडे सोपवलेले आहेत. बरोबर फक्त माधव्य, त्याचा विदूषक. मोहर हा मदनाचा बाण आहे म्हणून हा भाबडा माणूस काठी उगारून तो झोडपायला धावतो. मित्राला टोचणारी गोष्ट काठीनं पाडता आली तर पाडावी, इतकी सरळ माया.

आणि मग दासी चतुरिका चित्र घेऊन येते. चित्र राजानं स्वतः काढलंय.

आमच्या प्रयोगात एक गोष्ट फार चांगली केली होती. चित्रफलकाची पाठ आमच्याकडे होती. अंक संपेपर्यंत त्यावर काय आहे हे प्रेक्षकांना दिसलंच नाही. एखाद्या दिग्दर्शकानं सुरेख रंगवलेलं चित्र आमच्यासमोर धरलं असतं, आणि तिथेच सगळा अंक बसला असता. कालिदासानं ते चित्र बघणाऱ्यांच्या बोलण्यातून काढलंय. माधव्यानं शकुंतलेला कधी पाहिलेलं नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. दुसऱ्या अंकात राजानं त्याला राजधानीत परत पाठवलं होतं. पाचव्यात शकुंतला दरबारात आली तेव्हा तो राणी हंसपदिकेची समजूत काढायला गेला होता. त्यामुळे चित्रातल्या तिघींपैकी शकुंतला कोणती, हे राजा त्याला विचारतो तेव्हा ती चित्राची खरी परीक्षा असते. माधव्य निरखून सांगतो : जिच्या सैल अंबाड्यातून फुलं निसटली आहेत, चेहऱ्यावर घामाचे थेंब आहेत, खांदे उतरले आहेत, पाणी घातल्यानं जिच्याजवळच्या आंब्याची पालवी तुकतुकीत दिसते आहे, जी जराशी दमलेली आहे, ती. आणि तीच असते.

सर्वांत देखणी ती, असं तो म्हणत नाही. दमलेली ती. झाडांना पाणी घालून दमलेली. ज्यांनी उन्हाळ्यात कळशीनं झाडं जगवली आहेत त्यांना तो उतरलेला खांदा माहीत असतो. एवढ्या मोठ्या राजाला तिचं नेमकं हे रूप काढावंसं वाटलं. चित्र सुंदर आहे की नाही कोण जाणे, पण ते खरं आहे, हे आपल्याला तिऱ्हाईताच्या तोंडून कळतं.

यानंतर राजा चित्रावरच्या दोन डागांकडे बोट दाखवतो, आणि माझ्या मते इथे हा अंक फार वरच्या पायरीला पोचतो. चित्राच्या कडेला रेषांवर मळकट ठसा आहे, तो त्याच्या घामेजल्या बोटाचा. आणि तिच्या गालावर एक अश्रू पडलाय, तिथला रंग फुगून वर आल्यामुळे तो ओळखू येतो. अश्रू तिच्या डोळ्यांतला नव्हे, काढणाऱ्याच्या डोळ्यांतला, पण पडलाय तिच्या गालावर. ज्यानं पाण्याच्या रंगात काम केलंय त्यालाच हे सुचेल. ओल्या रंगावर थेंब पडला तर तो पसरतो, पण वाळलेल्या रंगावर पडला तर तिथे कड धरतो, पापुद्रा उचलतो, आणि मग कितीही निपटलं तरी ती जागा बोटाला वेगळी लागते. चित्राचं कौतुक करताना आपण रेषा पाहतो, रंग पाहतो. कालिदास चित्रातली चूक पाहतो आणि त्या चुकीतून चित्रकार दाखवतो.

आता राजाला चित्र पुरं करायचंय. तो चतुरिकेला कुंचल्यांची पेटी आणायला पाठवतो, आणि पेटी येईपर्यंत काय काय काढायचं राहिलंय ते माधव्याला सांगतो. मालिनी नदी, तिच्या वाळूत बसलेली हंसांची जोडी. दोन्ही तीरांना हिमालयाच्या पायथ्याचे उतार, तिथे टेकलेली हरणं. एक झाड, ज्याच्या फांद्यांवर वल्कलं वाळत घातली आहेत. आणि त्या झाडाखाली एक हरिणी, काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी.

ही यादी मी कितीदा वाचली असेल. दर वेळी तिच्यात काय नाही हे आधी जाणवतं. चित्रात राहिलेलं सांगताना तो आधी तिच्याबद्दल बोलतच नाही. नदी, वाळू, डोंगर, वाळणारे कपडे, हरणं. ती चित्रात आली आहे, पण ती जिथे होती ते आलेलं नाही, म्हणून चित्र अपुरं आहे. माणसाची आठवण खोल गेली की ती अशीच त्याच्या भोवतालात शिरते.

आणि गंमत अशी की यातलं काही त्यानं पहिल्या अंकातही पाहिलं होतं. रथातून येताना सारथ्याला त्यानं आश्रमाच्या खुणा दाखवल्या होत्या : पोपटांच्या ढोलीतून सांडलेले देवभाताचे दाणे, इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेले दगड, रथाच्या आवाजाला न बुजणारी हरणं, आणि वल्कलांच्या टोकांतून ठिबकलेल्या पाण्याच्या रेघा उमटलेल्या वाटा. तेव्हा त्या खुणा होत्या. अमुक दिसलं, अर्थात आश्रम जवळ आला, असा हिशोब होता. वल्कलं तेव्हाही ओली होती, पण तो पाण्याच्या रेघेवरून पत्ता काढत होता. आता तीच वल्कलं त्याला फांदीवर वाळत घातलेली काढायची आहेत, आणि आता त्यांवरून कुठलाच पत्ता लागणार नाही. नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे, ओळखीची खूण. अंगठीवर सगळ्यांचं लक्ष असतं. मला वाटतं, राजाच्या या यादीतली एकेक वस्तू अंगठीहून मोठी खूण आहे, कारण ती त्यानं स्वतः आठवून काढली आहे.

त्यातही ती हरिणी. शिंग म्हणजे प्राण्याच्या अंगावरची सर्वांत टोकदार वस्तू, आणि डोळा सर्वांत नाजूक. काळवीट किंचित जरी हलला तरी डोळा जाईल. तो हलणार नाही हे हरिणीला ठाऊक आहे, म्हणून ती निवांत डोळा खाजवते आहे. याच नाटकाच्या पहिल्या प्रवेशात हाच राजा धनुष्याला बाण लावून काळविटामागे धावत आला होता. त्याच काळविटाला आता त्याला स्थिर उभं करायचंय. शकुंतलेनं त्याच्यावर विश्वास टाकला होता आणि तो हलला. हे तो कुठेही बोलून दाखवत नाही. चित्रात काय हवं तेवढं सांगतो.

माधव्याला अर्थात वेगळीच भीती आहे. आता हा सगळा फलक लांब दाढीवाल्या तापसांनी भरून टाकणार, असं तो मनाशी म्हणतो. हसू येतं, आणि त्या हसण्यानंतर राजा शेवटी तिच्याकडे वळतो. तिचा एक दागिना राहिलाय, कानावरचं शिरीषाचं फूल, ज्याचे केसर गालापर्यंत आले आहेत, आणि गळ्यातला कमळतंतूंचा हार.

शिरीष वसंतातलं नव्हे, उन्हाळ्यातलं फूल. नाटकाच्या प्रस्तावनेत नटी ग्रीष्माचंच गाणं म्हणते आणि त्यात शिरीष कानावर खोवणाऱ्या स्त्रिया येतात. राजाला शकुंतला भेटली ती ग्रीष्मात. म्हणजे आत्ता तो आंब्याच्या मोहरात बसलाय, अंगावर वसंत आहे, आणि त्याला काढायचाय मागचा उन्हाळा. भोवतालच्या बागेतलं एकही फूल त्याच्या चित्राला नकोय. वसंतोत्सव त्यानं आज्ञेनं बंद केला खरा, पण तो त्याच्यापुरता बंद झाला तो इथे. आमच्या रस्त्यावर शिरीषाचं एक मोठं झाड आहे. एप्रिलच्या शेवटी ते फुलतं तेव्हा एक फूल तोडून मी कानाजवळ धरून पाहिलं होतं. ते फूल म्हणजे नुसते तंतू, पोपटी-पांढरे, टोकाला जरा सोनेरी. गालाला इतके हलके लागतात की लागलं की नाही असा प्रश्न पडावा. हे कुंचल्यानं काढणं फार अवघड आहे. केसाहून बारीक कुंचला हवा. पेटी त्यासाठीच मागवलेली असणार.

पेटी येते आहे तोवर भुंगा येतो. चित्रातला भुंगा, तिच्या चेहऱ्याकडे झेपावणारा. राजा त्याच्यावर चिडतो, त्याला हुसकावतो, तुला कमळाच्या पोटात कोंडून टाकीन म्हणतो. आणि मधेच असंही सांगतो, की अरे, तुझी भ्रमरी तिकडे फुलावर तहानलेली बसली आहे, तुझ्यावाचून ती मध पीत नाही. हे कुणाला सांगणं चाललंय ते उघड आहे. या नाटकात भुंगा पुनःपुन्हा येतो. पहिल्या अंकात नवमालिकेच्या, म्हणजे आपल्या नेवाळीच्या वेलीतून उठून तो शकुंतलेच्या तोंडाशी येतो, पण तिथे तो नटीनं अभिनयातून दाखवायचा असतो. पाचव्यात हंसपदिकेच्या गाण्यात, मोहराचा मध चाखून कमळावर गेलेला आणि मोहराला विसरलेला. सहाव्यात एका दासीच्या नावात, आणि मग चित्रात. सबंध नाटकात खरा भुंगा एकदाही नाही. तरी तो डसतो.

विदूषकाला राहवत नाही. तो सांगून टाकतो, की अहो, हे चित्र आहे. राजा एकदम भानावर येतो आणि त्याला म्हणतो, की ती समोर असल्यासारखी मी तिला पाहत होतो, तू आठवण करून देऊन तिचं पुन्हा चित्र केलंस.

आता सानुमतीबद्दल. आमच्या प्रयोगात ती विंगेजवळ एका पायरीवर बसून होती, अंगावर तलम पांढरी ओढणी, आणि मला वाटतं सगळ्या अंकाचं मर्म तिथे बसलं होतं. सानुमती ही अप्सरा, मेनकेच्या गोटातली, शकुंतलेला आपली मानणारी. ती राजाची अवस्था पाहायला आली आहे आणि तिरस्करिणी विद्येनं अदृश्य होऊन बागेत थांबली आहे. ध्यान लावून तिला सगळं स्वर्गात बसल्या जागी कळू शकलं असतं. तसं ती म्हणतेही. पण सखी मेनकेनं मनापासून सांगितलंय, त्याचा मान राखायचा, म्हणून ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येते. नाटकाला का जायचं, याचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. गोष्ट आधीच ठाऊक असते, शेवटही ठाऊक असतो. तरी आपण पातळ बदलून, रिक्षा धरून जातो आणि अंधारात बसतो. तिथे जे घडतंय त्यात आपल्याला बोलता येत नाही. सानुमतीलाही येत नाही. राजा रडतो तेव्हा तिला सांगावंसं वाटतं की शकुंतला सुखरूप आहे, आणि तरी ती गप्प राहते.

आणि विदूषक हे चित्र आहे असं म्हणतो तेव्हा सानुमती काय म्हणते? माझ्याही हे आत्ताच लक्षात आलं! ती देवलोकातली, सर्वज्ञ, तीही इतका वेळ विसरली होती. राजा विसरला यात मग नवल काय? त्या क्षणी सभागृहात एक मंद हसू पसरलं, कारण भुंगा आमच्याही डोळ्यांसमोर उडत होता, आणि आम्हांला तर फलकाची पाठच दिसत होती.

कुंचल्यांची पेटी शेवटी येत नाही. चतुरिका धावत येऊन सांगते, की वाटेत राणी वसुमतीनं ती माझ्या हातातून हिसकावून घेतली, मीच नेऊन देते म्हणाली. चतुरिका निसटली कशी? राणीचं उत्तरीय एका फांदीत अडकलं, तिची दासी तरलिका ते सोडवत होती, तेवढ्यात. हे वाक्य पूर्वी माझ्या डोळ्यांखालून नुसतं निघून जायचं. आता तिथे थांबावं लागतं. पहिल्या अंकाच्या शेवटी शकुंतला जाता जाता पायाला दर्भ टोचल्याचं आणि वल्कल कोरांटीच्या फांदीत अडकल्याचं निमित्त करून मागे वळून पाहते. तिचं वल्कल खरं अडकलेलंच नव्हतं, हे दुसऱ्या अंकात राजा मित्राला आनंदानं सांगतो. तिथे खोटं अडकलेलं वस्त्र आणि प्रेमाची सुरुवात. इथे राणीचं खरोखर अडकलेलं वस्त्र, आणि ते सोडवायला मागे वळून पाहणारं कुणी नाही. राणी रंगमंचावर येतच नाही. पुढे प्रतीहारीच्या हातात राजकाजाचं पत्र दिसल्यावर ती मुकाट परत जाते. राजाच्या चित्रासाठीची पेटी हातात घेतलेली ही बाई, चार ओळींत येऊन गेलेली, मला फार अस्वस्थ करते. तिचंही एक चित्र कुणीतरी काढायला हवं होतं.

पेटीला मूळ शब्द ‘वर्तिकाकरंडक’. आपल्या घरात कुंकवाचा करंडा असतो, चैत्रांगणाच्या रांगोळीत फणी-करंडा काढतात, आणि नाटकवेड्या कॉलेजच्या मुलांना करंडक म्हटलं की पुरुषोत्तम करंडक आठवतो. एकच शब्द किती घरं फिरून आला! चैत्रांगण काढताना दर वर्षी मला हा अंक आठवतो. झोपाळ्यात बसलेली गौर आधी काढायची, आणि मग तिच्याभोवती सूर्य, चंद्र, तुळस, गाय-वासरू, कमळ, हत्ती, कासव. आंगण भरेपर्यंत काढत राहायचं. गौर काढून झाली म्हणजे चित्र झालं, असं आपल्या आज्यांनीही कधी मानलं नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्यांदा केलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, आणि त्या रात्री पहिले चारच अंक झाले. संगीत रंगभूमीच्या त्या पहिल्या प्रेक्षकांनी वेली पाहिल्या, हरणाचं पाडस पाहिलं असेल, कण्वाचा निरोप ऐकून डोळे पुसले असतील. ही थांबलेली बाग मात्र त्यांना तेव्हा दिसली नाही. शकुंतलेची चित्रंही आपल्याकडे पुष्कळ झाली. राजा रविवर्म्यानं पायातला काटा काढायच्या मिषानं मागे पाहणारी शकुंतला रंगवली, ती तर घराघरांत पोचली. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातलं पहिलं छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचं होतं. ती सगळी पूर्ण झालेली चित्रं. दुष्यंताचं अपुरंच राहिलं.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मागच्या अंगणात बसले. मोगऱ्याला कळ्या धरल्या होत्या, आंब्याखाली बाळकैऱ्या पडल्या होत्या. आपल्याकडे मोहर पौष-माघातच येऊन जातो, चैत्रात डाळ-पन्ह्याचे दिवस. राजाच्या चित्रातल्या, अंबाडा सुटलेल्या शकुंतलेला काढायचं होतं. काढता काढता जुन्या वह्या उघडल्या गेल्या, आणि तिसऱ्या वहीत आत्याचं पान आलं. ती गेली त्या वर्षी मी तिचं चित्र काढायला घेतलं होतं. चेहरा जमलेला नाही, नाक तर भलतंच. पण परसातला दगडी डोण आहे, त्यावर उपडी घातलेली पितळी बादली आहे, अबोलीचा वाफा आहे, तारेवर तिचं नऊवारी वाळत पडलंय. लुगड्याची निऱ्यांची बाजू वर, काठ खाली, जसं ती घालायची तसंच. नाटकाला जाताना नेसायचं ते निळं. काठावर एक जागा फुगलेली आहे. तिथे बोट ठेवलं तर अजून लागते. आदल्या संध्याकाळपर्यंत मला ती जागा म्हणजे चित्र बिघडल्याची खूण वाटत होती.

दुष्यंताच्या चित्राचं काय झालं? राणी येते आहे असं वाटून माधव्य फलक घेऊन मेघप्रतिच्छंद महालाकडे पळतो. मग समुद्रात बुडालेल्या निपुत्रिक व्यापाऱ्याच्या धनाचा निवाडा येतो, मग इंद्राचा सारथी मातली येतो, आणि राजा युद्धाला निघून जातो. ते चित्र पुन्हा दिसत नाही. शिरीषाचे केसर काढायचे राहिले ते राहिलेच. सातव्या अंकात शकुंतला भेटते तेव्हा ती मळकट वस्त्रांत आहे, एकच वेणी घातलेली, व्रतांनी चेहरा सुकलेला. चित्रातल्या तिच्याशी तिचं काही जुळत नाही. सानुमतीनं मात्र आपलं काम केलेलं असतं. तिनं बागेत जे पाहिलं ते शकुंतलेला सांगितलेलं आहे.

पण त्याही अंकात रंगवलेली एक वस्तू आहे. मारीचाच्या आश्रमात एक पोर सिंहाच्या छाव्याला आईपासून ओढून त्याचे दात मोजू पाहतंय. ते ऐकेना, तेव्हा तापसी त्याच्यासाठी कुटीतून मातीचा मोर आणवते, कुणा ऋषिकुमाराचा, रंगांनी चितारलेला. तो पुढे धरून ती त्याला पाखराचं लावण्य बघ म्हणते, आणि ‘शकुंत’ आणि ‘लावण्य’ हे शब्द जोडून येताना त्यांत त्याच्या आईचं नाव ऐकू जातं. राजा तिथेच उभा आहे, त्याचा श्वास अडकलाय. पोराचं लक्ष मोरावरून उडतं. ते मान वळवून इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, आई कुठंय?